गप्प राहणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे
‘आरोपी साक्षीला उभा राहिला नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय’ हे तुमच्या लेखातलं वाक्य वाचून वाईट वाटलं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१५ (आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५३) उलट सांगतं. आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देता येते, पण त्यानं लेखी विनंती केली तरच. साक्ष नाही दिली, तर त्यावर सरकारी वकिलांनीच काय, न्यायालयानेही टिप्पणी करायची नाही. कलम ३१३ चा (आता ३५१) जबाब, म्हणजे पुराव्याबद्दल न्यायालय आरोपीला विचारतं त्या प्रश्नांची उत्तरं, वेगळा; तो बिनशपथेचा.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेलं की उलटतपासणी आलीच. कमी शिकलेला, कित्येक महिने कोठडीत काढलेला माणूस तिथे खरं सांगतानाही अडखळतो हो! ते वाक्य कृपया दुरुस्त करा.