कडक माणूस हवाय म्हणे!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज: टेकड्या, नद्या वाचवायच्या तर लोकशाही गुंडाळा, दहा वर्षं चीनसारखा कडक माणूस बसवा. खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

ही कल्पना काकांची नाही म्हणा. अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने 1968 सालीच लिहिलं की सामायिक कुरण माणसं ओरबाडणारच, म्हणून सक्ती हवी, मुलं किती व्हावीत यावरसुद्धा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक 2010 मध्ये म्हणाले, हवामानासाठी लोकशाही काही काळ बाजूला ठेवावी लागेल. विद्वान माणसं. पण सक्ती कुणावर होते?

माझ्या वडिलांनी ते पाहिलंय. आणीबाणीत ते प्राथमिक शिक्षक होते. नसबंदीच्या 'केसेस' आणा, नाहीतर पगार नाही. आमच्या गल्लीतल्या एका हमालाला त्यांनी सायकलवर डबलसीट कॅम्पला नेलं. अंगठा उठवल्यावर शाई पुसायला त्याने वडिलांचाच रुमाल मागितला. पगार सुटला. डॉक्टर, वकील, आडते यांच्या दारात कुण्णी गेलं नाही. त्यांना काय पोरं कमी होती?

आणि संजय गांधींच्या त्याच कार्यक्रमात नसबंदीच्या जोडीला झाडं लावणंही होतं बरं का! 1976 साली तर आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून सुटलो.

बीजिंगची हवा सुधारली, मान्य. पण त्याच चीनमध्ये 1958 साली माओच्या हुकमाने चिमण्या मारल्या आणि पिकांवर कीड माजली. चूक होतेय हे सांगणार कोण? आपल्याकडे मुंबईत 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेची झाडं रात्री, पोलीस बंदोबस्तात तोडली. तिथे कडक हातच होता की. कुऱ्हाडीच्या बाजूने.

वडील पुढे त्या हमालाला कायम 'अहो' म्हणायचे. बाजारात बाकी सगळे त्याला अरे-तुरेच करायचे. वडिलांनी कारण कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

जाऊ दे. काकांनी एकदा गडचिरोलीत मेंढा-लेखाला जाऊन यावं. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेपर्यंत 2011 उजाडलं. अडवणूक वरून, जंगल राखणारे खाली. ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. वेळ लागतो, वाद होतात, पुन्हा बसतात. आमच्या सोसायटीची मीटिंग मात्र चहा आला की संपते.