नाशिक सरकलं ते एकाच वेगाने नाही (एका कमेंटला उत्तर)

सर, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, आधी थँक्स. तुमचं म्हणणं असं की भारत वर्षाला 5 सेंटीमीटर सरकतो तर 6.6 कोटी वर्षांत 3300 किलोमीटर झाले, आणि मी लिहिलंय की आपला काळा पाषाण लाव्हा म्हणून ओतला गेला तेव्हा ही जमीन 30 दक्षिण अक्षांशाच्या आसपास होती, तिथून आजच्या जागेवरचं नाशिक म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर, मग हे सगळं अंदाजपंचेच. शिवाय जमीन खरंच सरकत असती तर पांडवलेणी फुटली नसती का?

गुणाकार बरोबर आहे हो, पण 5 सेंटीमीटर हा आजचा वेग आहे, तेव्हाही तेवढाच होता हे कशावरून? आशियाला धडकायच्या आधी भारत वर्षाला 15 सेंटीमीटरच्या वर पळत होता, साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी धडक बसली आणि मग तो मंदावत गेला. हे समुद्राच्या तळावरून कळतं. तिथल्या भेगेतून लाव्हा वर येतो, दोन्हीकडे पसरतो, पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटं होतं ते त्यात पट्ट्यापट्ट्यांनी उमटतं, आणि तेवढ्याच काळात पट्टा जितका रुंद तितका वेग जास्त. व्हाइन आणि मॅथ्यूज या भूवैज्ञानिकांनी 1963 ला हे मांडलं ते आपल्याच अरबी समुद्राकडच्या कार्ल्सबर्ग रिजची, म्हणजे समुद्रतळावरच्या अशाच भेगेच्या डोंगररांगेची, मोजणी हाताशी धरून, शाळेत हे का सांगत नाहीत मला खरंच कळत नाही.

आता 30 अंश. कसारा घाटात कापलेल्या कातळात थरावर थर दिसतात ना, त्या दगडात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात, लाव्हा साधारण 580 अंशांच्या खाली थंड झाला की त्या वेळची चुंबकीय दिशा त्यांच्यात पक्की होते. विषुववृत्तावर ती आडवी असते, ध्रुवाकडे जावं तशी तिरकी होत जाते, म्हणून कोन मोजला की अक्षांश निघतो. दख्खनच्या दगडांवर ही मोजणी 1950 च्या दशकातच झालीय, आणि तो कोन आजच्या नाशिकच्या अक्षांशाशी जुळत नाही.

आणि पांडवलेणी सरकलीय, आजच्या वेगाने 2000 वर्षांत सुमारे 100 मीटर ईशान्येला! फुटली नाही कारण डोंगर, नाशिक, पुणं, नागपूर सगळं एकाच प्लेटवर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एकाच अखंड सरकत्या तुकड्यावर, सोबत गेलं. खरी ओढाताण प्लेटच्या कडेला, तिकडे हिमालयात वर्षाला साधारण 2 सेंटीमीटर दाबलं जातंय, कातळ अडकून राहतो, ताण साठत जातो आणि मग एका झटक्यात सुटतो, 2015 ला नेपाळच्या भूकंपात सुटला तसा.