काकू, अकरा वाजता बघा!

पक्षी बघायला पहाटे जावं, असं सगळी पुस्तकं सांगतात. आमच्या बिल्डिंगला पाणी सहा ते सातच येतं, हे त्या पुस्तकवाल्यांना कोण सांगणार? त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी आम्ही दुपारी तीनला, ऐन उन्हात, माहीमच्या निसर्ग उद्यानात हजर झालो. या वेळेला शहाणे पक्षी पानांच्या सावलीत गप बसलेले असतात. शहाणी माणसंही.

हे रिटायर झाल्यापासून घरात दुर्बीण आली आहे. ८ बाय ४२ची. म्हणजे पक्षी ८ पट मोठा दिसतो आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. हात थरथरला तर तेही ८ पटच दिसतं, ही माहिती खोक्यावर छापत नाहीत. निघताना माझ्या राणी कलरच्या ओढणीला हरकत निघाली. "अगं, पक्ष्यांना रंग दिसतात!" मग माळा साफ करताना घालते तो मातकट कुर्ता चढवला. लग्नानंतर माझ्या कपड्यांकडे ह्यांचं लक्ष गेलं, ते पक्ष्यांमुळे.

आमची लीडर आमच्या धाकटीच्या वयाची. तिने आधी जागेची ओळख करून दिली. इथे पूर्वी शहराचा कचरा टाकत. त्या डम्पिंगच्या जागेवर माती पसरून झाडं वाढवली आणि १९९४ साली हे ३७ एकरांचं उद्यान लोकांना खुलं झालं. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला मिठी नदी, मध्ये हे रान. ऐकून मला खरंच भरून आलं. आमच्या सोसायटीत ओला कचरा कुठला आणि सुका कुठला, यावर अजून एकमत नाही.

एवढ्यात टुक्, टुक्, टुक् सुरू झालं. "तांबट!" ती कुजबुजली आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. चिमणीएवढा, अंगाने हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. हा आवाज ओळखीचा निघाला. उन्हाळ्यात आमच्या मागच्या पिंपळावरून दुपारभर येतो, आणि सोसायटीचा पंप खराब झालाय म्हणून ह्यांनी सेक्रेटरींना दोन पत्रं दिली आहेत. तो विषय मी तिथे काढला नाही.

"काकू, अकरा वाजता बघा!"

माझ्या घड्याळात साडेतीन. मग ह्यांनी समजावलं, झाड म्हणजे घड्याळ धरायचं, शेंडा म्हणजे बारा. पण झाड कुठलं? समोर झाडंच झाडं, प्रत्येकाचे बारा निराळे. "ती जाड फांदी दिसली? तिच्या उजवीकडे वाळकी काटकी. काटकीच्या मागे पिवळं पान. त्या पानाच्या वर." पानाच्या वर पान होतं. त्यात हा पक्षी मान फिरवत ओरडतो, म्हणजे आवाज दर वेळी नव्या दिशेने. हा म्हणे २०११ मध्ये मुंबईचा शहरपक्षी म्हणून निवडून आलाय. निवडून आल्यावर दिसत नाही, यात नवल ते काय? शेवटी संकष्टीला ढगाळ आभाळात करतो तेच केलं. साधारण त्या दिशेला नमस्कार केला आणि "दिसला, दिसला" म्हटलं.

तळ्याकाठी छळ वेगळा. तिथे पक्षी दिसत होता, पण काही करत नव्हता. ढोकरी. मान आत ओढून, मातकट पाठ करून पाण्याच्या कडेला उभी. अलीकडच्या काठावर हे दुर्बीण रोखून उभे. दोघंही हलेनात. "तूसुद्धा हलू नकोस," मला ताकीद. तेवढ्यात ह्यांच्या कानाच्या पाळीवर एक डास उतरला. पायांवर काळे-पांढरे पट्टे, म्हणजे पोस्टरवरचा डेंग्यूवाला. दुर्बिणीशिवाय लख्ख दिसत होता. पोट आधी राखाडी होतं, मग गुलाबी झालं, मग टम्म लाल. मारावा तर ढोकरी उडणार, न मारावा तर पुढचा महिना पपईच्या पानांचा रस काढण्यात जाणार.

मी मारला.

ढोकरी उडाली. उडताना पंख उघडले आणि ती मातकट बाई एकदम पांढरीशुभ्र झाली! सगळे कॅमेरे कडाडले. "काकू, थँक्यू, कसला फोटो मिळाला!" ह्यांचा कान लाल झाला होता, पण चारचौघांत बोलायची सोय नव्हती.

साडेपाचला झाडाखाली बसून यादी झाली. शिंपी, दयाळ, बुलबुल, खंड्या, भारद्वाज. मग पोरीने विचारलं, "कावळे कोणी मोजले?"

कोणीच नाही. कावळ्याला कोण पक्षी समजतो?

"गावकावळे तीसेक, डोमकावळे दोन," मी म्हणाले.

"डोमकावळे नक्की?"

"मान राखाडी नाही, अंग काळं कुळकुळीत, चोच जाड, आवाज घोगरा."

"वा, काकू! कुठे शिकलात?"

बाणगंगेवर. सासूबाईंच्या दहाव्याला भर उन्हात पिंडाकडे डोळे लावून सगळं घर बसलं होतं. गावकावळे यायचे, तिरक्या मानेने बघायचे, जायचे. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली आहे. दिरांनी गावची जमीन विकणार नाही म्हणून शब्द दिला. नणंदेने पाटल्यांवरचा हक्क सोडला. कावळा ढिम्म. शेवटी मी म्हटलं, "आई, तुमच्या लोणच्याच्या बरण्या भंगारात देणार नाही," तेव्हा कुठे एक डोमकावळा खाली उतरला. इतक्या बारकाईने मी आजवर दुसरा पक्षी बघितलेला नाही.

पोरीने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग मोबाइल पुढे करून म्हणाली, "तारीख आठवतेय का, काकू? जुनी नोंदसुद्धा टाकता येते."

ह्यांनी लगेच तिथी सांगितली.