होडोरच्या मरणाला स्वामिनिष्ठा म्हणू नका

आज दुपारी मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत होडोर मरतो तो एपिसोड पहिल्यांदा बघताना लोकांचे चेहरे कसे झाले, त्याचे तुकडे एकापुढे एक जोडलेले. कुणी उशी तोंडाशी घट्ट धरलीये, कुणी सोफ्यावरून खाली घसरून जमिनीवर बसलंय, एक दांडगा दाढीवाला बाप्या हुंदके देऊन रडतोय. बघता बघता माझेही डोळे भरून आले. आणि खाली पाठवणाऱ्याने लिहिलेलं, 'स्वामिनिष्ठा असावी तर अशी! सॅल्यूट.' त्यावर भराभर जोडलेले हात, लाल बदाम.

तिथे माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. ग्रुपवर वाद नको म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सहावा सीझन, पाचवा एपिसोड, 'द डोअर'. अमेरिकेत २२ मे २०१६ ला दाखवला. ब्रॅन म्हणजे स्टार्क घराण्यातला पांगळा मुलगा, याला दुसऱ्याच्या अंगात शिरून त्याला चालवता येतं. होडोर म्हणजे त्याला वाहून नेणारा धिप्पाड नोकर, तोंडात 'होडोर' हा एकच शब्द. ब्रॅन एका गुहेत, झाडाच्या मुळांत गुंतलेल्या म्हाताऱ्याबरोबर भूतकाळात गेलेला. त्याच्या घराचं, विंटरफेलचं अंगण, त्याचे वडील नेड अजून पोरवयाचे, घर सोडून निघालेले. तिथेच उभा आहे विलिस, तबेल्यात काम करणारा पोऱ्या. इकडे गुहेवर मेलेल्यांची फौज चालून आलेली. त्याच्या सोबतची मीरा ब्रॅनला गदागदा हलवतेय, होडोरच्या अंगात शिर म्हणून ओरडतेय. ब्रॅन भूतकाळात उभ्याउभ्याच वर्तमानातल्या होडोरच्या अंगात शिरतो. मागच्या दाराने बाहेर पडल्यावर मीरा किंचाळते, 'होल्ड द डोअर', दार धरून ठेव. होडोर दार धरून मेलेल्यांना अडवतो आणि तिथेच मरतो. आणि ती हाक वर्षं ओलांडून त्या पोराच्या डोक्यात जाऊन आदळते. त्याचे डोळे पांढरे होतात, तो कोसळतो, आकडी येते. तेच शब्द तो बडबडत राहतो आणि झिजत झिजत त्याचं 'होडोर' होतं. पुढे जन्मभर तेवढंच, आणि तेच त्याचं नाव.

आता मला सांगा, यात निष्ठा कुठे आली? निष्ठेला माणसाची मर्जी लागते. ज्याला 'नाही' म्हणायची मुभा आहे त्याने 'हो' म्हटलं, तर त्याला निष्ठा म्हणायचं. या पोराला कुणी विचारलं? त्याच्यासमोर दारही नव्हतं, प्रेतंही नव्हती, धनीही नव्हता. ऊन पडलेलं, अंगणात माणसं उभी, आणि कुणाच्या तरी पुढच्या गरजेपोटी त्याची वाचा गेली.

हा एपिसोड मी ताईबरोबर पाहिला होता. ताई म्हणजे माझी मावसबहीण, विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. आकडी येणारी मुलं तिच्या रोजच्या बघण्यातली. तिने आधीचा एकही एपिसोड पाहिलेला नव्हता, मी लावलाय म्हणून येऊन बसली एवढंच. कोण कुठल्या घराण्यातलं, मेलेल्यांच्या फौजेचा म्होरक्या नाइट किंग कोण, तिला काही पत्ता नाही. शेवटच्या त्या मिनिटांत मी दाराकडे बघत होते. फळ्या फोडून आत येणारे हाडांचे हात, होडोरचा तोंडावळा, मागे बर्फात ब्रॅनला ओढत नेणारी मीरा. मी पार विरघळलेले. आणि शेजारून ताईचा आवाज आला, शाळेत असतो तसा, खणखणीत: 'अरे कुशीवर वळवा ना त्याला! डोक्याखाली काहीतरी द्या!'

ती दाराकडे बघतच नव्हती. ती त्या पोराकडे बघत होती.

एपिसोड संपल्यावर तिने विचारलं, हा मुलगा कोण? मी सांगितलं, तो दार धरणारा मोठा माणूस, तोच हा लहानपणी. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, 'म्हणजे इतकी वर्षं त्याला ठाऊकच नाही की आपल्याला काय झालं? कुणी सांगितलंच नाही त्याला?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मालिकेतही नाही.

त्यानंतर लोकांनी या एपिसोडचं काय केलं ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. दाराखाली सरकवायच्या पाचरींवर होडोरचं नाव आलं. लिफ्टच्या बटणांपाशी चिठ्ठ्या लागल्या. ठीक आहे, दुःख झालं की माणसं विनोद करतात, मान्य. त्या चिठ्ठ्यांवर माझा राग नाही.

राग आहे तो कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्यांवर. एपिसोड संपून तास झाला नाही तर यांच्या आकृत्या सुरू. हा काळाचा बंद लूप आहे की ब्रॅनने काळ बदलला? मग मालिकेतल्या जुन्या वेड्या राजाच्या कानात कुजबुजणाराही ब्रॅनच का? मग ब्रॅनच नाइट किंग का? आमच्या ओळखीतल्या एकाने तर मला नोविकोव्ह यांचं तत्त्व समजावलं. भूतकाळात जाऊन तुम्ही जे काही कराल ते आधीच घडून गेलेलं असतं, त्यामुळे विसंगती येतच नाही, वगैरे. रशियन पदार्थविज्ञानवाल्याने १९८०च्या दशकात मांडलेलं गणित ते, असेल बरोबर. पण त्या गणितातून याने निष्कर्ष काय काढावा? 'म्हणजे कुणाचाच दोष नाही, ते घडणारच होतं.' वा! एका मुलाचं अख्खं आयुष्य गेलं आणि आकृती जुळली म्हणून हे समाधानी.

घडणारच होतं म्हटलं की सगळे सुटतात. ब्रॅन सुटतो, तो गुहेतला म्हातारा, तीन डोळ्यांचा कावळा, सुटतो, आपणही सुटतो.

आणि लूप-लूप करणाऱ्यांना एक विचारायचंय. तुम्ही तर सगळे सीझन घोटून प्यायलात ना? मग ब्रॅन पहिल्यांदा होडोरच्या अंगात शिरला तो प्रसंग कुणालाच कसा आठवत नाही? तिसरा सीझन, नववा एपिसोड. सगळ्या जगाला त्या एपिसोडमधलं लग्न आणि कत्तल आठवते. त्याच एपिसोडमध्ये एका ओसाड बुरुजात हे सगळे लपलेत, बाहेर वाइल्डलिंग, म्हणजे उत्तरेच्या भिंतीपलीकडच्या टोळ्यांतले लोक, आलेत, वीज कडाडतेय आणि होडोर भेदरून ओरडतोय. त्याला विजेची भीती वाटते. ब्रॅनचे डोळे पांढरे होतात आणि होडोर गपकन गप्प होतो. भ्यालेल्या माणसाला जवळ घेऊन शांत करणं वेगळं, आणि त्याच्याच डोक्यात शिरून त्याला बंद करणं वेगळं. तेव्हा आपण काय म्हणालो? 'अरे वा, माणसाच्याही अंगात शिरता येतं याला!' मीराचा भाऊ जोजेनही थक्क झाला होता, आपणही झालो.

मग चौथा सीझन, पाचवा एपिसोड. भिंतीपलीकडचं क्रॅस्टरचं घर. त्याच्या आदल्याच एपिसोडमध्ये तिथे ठाण मांडलेल्या बंडखोर पहारेकऱ्यांनी होडोरला साखळदंडात बांधून भाल्याने टोचून टोचून छळलेलं. तो कुणाला उलटून बोटही लावत नाही, एवढा धिप्पाड असून. आणि मग शत्रूचा माणूस लॉक ब्रॅनला उचलून पळतो, ब्रॅन होडोरच्या अंगात शिरतो, साखळ्या तोडतो आणि होडोरच्या हातांनी लॉकची मान मोडतो. लॉक मेला याचं मला काडीचंही वाईट नाही. पण त्यानंतरचे ते काही क्षण परत बघा. होडोर भानावर येतो आणि आपल्या हातांकडे बघतो. हात रक्ताने भरलेत. हे रक्त कुणाचं, कसं आलं, त्याला काही कळत नाही. विचारायला शब्द नाहीत. नटाने त्या जागी काय केलंय! तोंडातून आवाज नाही, भुवया जराशा वर, आणि हात अंगापासून लांब धरलेले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. आणि ब्रॅन? ब्रॅन त्याला पुढचं काम सांगतो.

मूळ कादंबऱ्यांत तर हे अगदी उघड सांगितलंय. प्राण्यांच्या अंगात शिरणाऱ्यांचेही नियम असतात, आणि माणसाच्या अंगात शिरणं हे त्यातलं सगळ्यांत मोठं पाप. ब्रॅन आत आला की होडोर स्वतःच्याच मनाच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसतो, असं लिहिलंय तिथे. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मी हे सगळं ताईला नंतर सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, 'सवय झाली असेल ना त्याला?' तिच्या वर्गात अशी मुलं असतात म्हणे, कुणीही हात धरून उठवलं की निमूट उठतात, का म्हणून विचारत नाहीत. बघणारे म्हणतात किती गुणी आहे. ताईला तेव्हा जो संताप येतो तो मी पाहिलाय. 'गुणी नाहीये तो, त्याला कुणी विचारायचीच सवय लावली नाही,' असं ती एका पालकाला तोंडावर म्हणाली होती.

हां, ब्रॅन लहान होता. स्वतः पांगळा, मागे मृत्यू, वाट एकच. आणि त्या पोराचं असं होईल हे त्याला ठाऊक नव्हतं, हेही खरं. 'तुझ्या मैत्रिणीचं ऐक' असं तो म्हाताराच त्याला म्हणाला, आणि म्हाताऱ्याला मात्र बरंच काही ठाऊक असावं. माझा राग ब्रॅनवर कमी आहे, खरं सांगते. त्या अंगणात विलिस कोसळतो तेव्हा ब्रॅनच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघून त्याचीही कीव येते.

लिहिता लिहिता थोडी निवळले. कारण होडोर म्हटलं की मला हे सगळं आठवण्याआधी त्याचं हसूच आठवतं. हे काम करणारा क्रिस्टियन नेर्न, जवळजवळ सात फुटांचा माणूस, उत्तर आयर्लंडचा, मुळात डीजे. एवढ्या सीझनमध्ये त्याला संवाद म्हणून एकच शब्द. त्याच एका शब्दात तो घाबरतो, लाजतो, नकार देतो, खूश होतो, ब्रॅनची समजूत काढतो. पाचव्या सीझनमध्ये तर ही मंडळी अजिबातच नाहीत, त्यामुळे सहाव्यात तो परत दिसला तेव्हा मी घरात टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच सीझनच्या दुसऱ्या एपिसोडमध्ये ब्रॅन विंटरफेलच्या भूतकाळात जातो आणि तिथे विलिस चक्क बोलतो. धडधडीत वाक्यं! ब्रॅन परत येऊन कौतुकाने होडोरला विचारतो की तू तर बोलायचास, मग काय झालं तुला? किती भाबडा प्रश्न. होडोर उत्तरादाखल होडोर म्हणतो. तीन एपिसोडांनी कळतं, ज्याने विचारलं त्याच्याचमुळे झालं. याला मी मालिकेतलं सगळ्यांत क्रूर आणि सगळ्यांत उत्तम लिखाण म्हणेन. लिहिणाऱ्यांनी आपल्यापासून काही लपवलेलं नाही. आपणच दाराकडे बघत बसलो.

आणि नंतर मात्र मालिकाही विसरली, हे मला सलतं. सातव्या सीझनमध्ये मीरा निरोप घ्यायला येते. माझा भाऊ गेला, होडोर गेला, तुझा लांडगा समर गेला, सगळे तुझ्यासाठी, असं ती पोटतिडकीने सांगते. त्या आधी ब्रॅन तिला काय देतो? कोरडं 'थँक यू'. ती म्हणते तू त्या गुहेतच मेलास. एकटी मीराच खरं बोलली. आणि शेवटच्या एपिसोडमध्ये, २०१९ चा मे महिना, राजा कुणाला करायचं यावर सगळे सरदार बसलेत. टिरियन भाषण ठोकतो की ब्रॅनच्या गोष्टीसारखी गोष्ट कुणाची नाही. बुरुजावरून पडून जगला, चालता येत नव्हतं तर उडायला शिकला, पांगळा असून भिंतीपलीकडे जाऊन आला. भिंतीपलीकडे जाऊन आला? कुणाच्या पाठीवर? त्याला तिथवर वाहून कुणी नेलं? त्या अख्ख्या सभेत त्याचं नाव घ्यायला एकाचंही तोंड उघडलं नाही, आणि ब्रॅन स्वतः तिथे बसलेला. मी स्क्रीनसमोर अक्षरशः ओरडले होते. त्या वेळी सगळं जग डेनेरिस राणीच्या शेवटावरून भांडत होतं, भांडा, तेही बरोबरच होतं. पण या भाषणावर मला एकही माणूस चिडलेला दिसला नाही.

म्हणून ती 'स्वामिनिष्ठा' वाचून इतकं लागलं. आपली माणसं आहात तुम्ही. कुणाला गृहीत धरलेलं तुम्हालाही खपत नाही, हे मला माहीत आहे. रडलात ते खरंच होतं, त्यावर माझा विश्वास आहे. पण सॅल्यूट ठोकून त्याला मोकळं करू नका. विलिस म्हणा त्याला. त्याला नाव होतं.

व्हिडिओ पाठवणाऱ्याला मी रात्री फोन करणार आहे. तो म्हणेल, अगं मालिका आहे ती. म्हणू दे. तिसऱ्या सीझनमधला तो बुरुजाचा प्रसंग त्याला परत बघायला लावणार आहे, आणि मग विचारणार आहे की आता बोल.