आत्या, आधी विमा काढ

सांगलीहून आत्याचा फोन आला. पुढच्या महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने इकडे कॅनडात, विंडसरला येते आहे. वय ६८, रक्तदाबाची गोळी रोजची, साखर काठावर. मी विम्याचं विचारलं तर म्हणाली, “अगं, तिकडं दवाखाना फुकट असतो की! ग्रुपवर आलंय. उगीच एवढे पैसे कशाला घालवायचे?”

ग्रुपवर काय आलंय ते मग मागवून घेतलं. ‘कॅनडा आणि अमेरिका : जमीन-अस्मानाचा फरक. प्रत्येक भारतीयाने वाचावे.’ वर गुलाब, खाली जोडलेले हात, मध्ये मुद्दे. कॅनडात उपचार सगळ्यांना मोफत, विम्याची गरज नाही. कॅनडात बंदुका नाहीत. माणसं इतकी नम्र की वर्णभेद कधी झालाच नाही. १८१२ च्या युद्धात कॅनडाने व्हाइट हाउस जाळलं. फ्रेंच भाषा आल्याशिवाय तिथे निभाव लागत नाही. आणि शेवटी, ‘तसे दोन्ही देश एकच, लवकरच एक होतील.’ जमीन-अस्मान शेवटच्या ओळीत एक झालं, तरी पाठवणाऱ्या एकालाही खटकलं नाही.

मी अकरा वर्षं या गावात राहते. नदीपलीकडे डेट्रॉइट, तेही आमच्या उत्तरेला (नकाशा काढून बघा, इथे कॅनडा खाली आणि अमेरिका वर आहे). नवरा रोज सीमा ओलांडून तिकडे कामाला जातो. दोन्हीकडचे फरक आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज येतात. त्यामुळे हे वाचून डोकं फिरलं.

आधी दवाखाना, कारण बाकीच्या थापांनी कुणाचं घर बुडणार नाही, या एका थापेने बुडेल.

कॅनडाचा आरोग्य कायदा १९८४ चा. केंद्र सरकार प्रांतांना पैसे देतं, त्या बदल्यात प्रांतांनी आपल्या रहिवाशांना डॉक्टर आणि हॉस्पिटलचा खर्च लागू द्यायचा नाही, असा सौदा. सगळी मेख ‘रहिवासी’ या शब्दात आहे. कायद्याने त्याची व्याख्याच दिली आहे : प्रांतात घर करून राहणारा माणूस, पर्यटक, वाटेवरचा प्रवासी आणि पाहुणा त्यात धरलेला नाही. आत्या, तू पाहुणी आहेस. तुझं पोट दुखलं आणि एक रात्र हॉस्पिटलमध्ये काढावी लागली, तर बिल हजारो डॉलरांत येतं आणि ते लेकीच्या दारात येतं.

तरी पटत नसेल तर हे बघा. आई-वडिलांना जास्त काळ राहता यावं म्हणून कॅनडा ‘सुपर व्हिसा’ देतो. त्यासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. दवाखाना पाहुण्यांना फुकट असता, तर हा कागद सरकारने कशाला मागितला असता? साध्या व्हिजिटर व्हिसाला विमा सक्तीचा नाही, आणि इथेच लोक फसतात. मागितला नाही म्हणजे लागत नाही, असा हिशेब करून मोकळे होतात.

शिकायला येणाऱ्या मुलांचंही तेच. आमच्या ओंटारियो प्रांतात विद्यार्थी म्हणून आलेल्याला प्रांताचं आरोग्य कार्ड मिळत नाही, त्याचा विमा वेगळा. इतकंच काय, आमच्यासारख्या कार्डवाल्यांनाही दात, चष्मा आणि घरी घ्यायची औषधं या कायद्यात नाहीत. ती नोकरीच्या विम्यातून किंवा खिशातून. दातांसाठी कमी उत्पन्नाच्या घरांना अलीकडे सरकारी योजना आली आहे, पण तिलाही अटी आहेत. आणि कार्ड असूनही घरचा डॉक्टर न मिळालेली लाखो माणसं या देशात आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशनला थांबलेली शेजारीण ‘मोफत’ हा शब्द ऐकून कशी हसते, ते एकदा येऊन बघा.

आता अर्धं खरं काय, तेही सांगते, नाइलाजाने. नवऱ्याच्या डेट्रॉइटच्या ऑफिसात नोकरी जाण्याची कुजबुज सुरू झाली की लोक पगाराआधी नोकरीबरोबर जाणाऱ्या विम्याची काळजी करतात. आमच्या गल्लीत ती धास्ती नाही. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण तो ‘कॅनडियन लोक मुळातच दयाळू’ म्हणून पडलेला नाही. १ जुलै १९६२ ला सस्कॅचेवान प्रांतात सरकारी खर्चाने डॉक्टरची ही योजना पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा तिथले डॉक्टर त्याच दिवशी संपावर गेले. २३ दिवस. भांडून मिळवलेली गोष्ट आहे ही.

नम्रतेबद्दलही थोडं. ‘सॉरी’ इथे खरंच उठता-बसता ऐकू येतं. इतकं, की ओंटारियोला २००९ साली कायदा करावा लागला : कुणी माफी मागितली म्हणजे त्याने चूक कबूल केली, असं दिवाणी दाव्यात धरता येणार नाही. पण त्यावरून ‘वर्णभेद कधी झालाच नाही’ म्हणायचं? आणि हे भारतीयांच्या ग्रुपवर? १९१४ साली कोमागाता मारू जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं. बहुतेक सगळे पंजाबचे शीख. दोन महिने बंदरात अडकवून ठेवलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. त्यासाठी नियमही खास होता : मायदेशातून थेट, मध्ये न थांबता आलात तरच प्रवेश. भारतातून असा थेट प्रवास तेव्हा जवळपास अशक्यच होता. ‘भारतीय नकोत’ असं कुठेही न लिहिता भारतीयांना बाहेर ठेवलं. माफी संसदेत मागितली गेली ती २०१६ मध्ये.

आणि इथल्या मूळ रहिवाशांची दीड लाखाहून जास्त मुलं आई-बापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबली. त्यांची भाषा मारली. यातली शेवटची शाळा १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली, म्हणजे मी सांगलीत शाळेत जात होते तेव्हा.

इथेही एक कण खरा आहे. अमेरिकेतले गुलाम पळून कॅनडात येत आणि अनेक जण हीच, आमच्या समोरची नदी ओलांडून येत. त्यांच्यासाठी हा काठ म्हणजे सुटका होती. पण १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात बंदी येईपर्यंत गुलामी कॅनडातही कायदेशीर होती. मेसेजात हा अर्धा भाग येत नाही.

बंदुका आहेत. शिकारीच्या तर भरपूर. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत नागरिकांकडे दर शंभर माणसांमागे अमेरिकेत १२०, कॅनडात साधारण ३५ बंदुका असल्याचा अंदाज आहे. परवाना, प्रशिक्षण, चौकशी यातून जावं लागतं, हा फरक. २०२० मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माणसाने २२ जणांना मारलं आणि दोन आठवड्यांच्या आत शेकडो प्रकारच्या रायफलींवर बंदी आली. तिकडे असं इतक्या झटपट होत नाही, हे मान्य.

व्हाइट हाउस १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने जाळलं. आजचा कॅनडा देश १८६७ चा. पुढे चला. फ्रेंच भाषा क्युबेक प्रांतात जाणाऱ्याने शिकावी. विंडसरला ती मुख्यतः दुधाच्या पिशवीवर वाचायला मिळते.

राहिलं ‘लवकरच एक होतील’. हे इथे कुणापुढे म्हणू नका. आमच्या गावात (बर्फावरच्या) हॉकीचा आवडता संघ विचाराल तर निम्मे लोक डेट्रॉइटचा सांगतात. तिकडची एकोणीस-वीस वर्षांची पोरं शनिवारी दारू प्यायला इकडे येतात, कारण मिशिगनमध्ये वय २१ लागतं आणि इथे १९. इतका घरोबा. तरी २०२५ च्या सुरुवातीला ‘कॅनडा म्हणजे अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य’ आणि आयातकराची भाषा सुरू झाली, तेव्हा कॅनडातल्या हॉकी सामन्यांत अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं की लोक हुर्यो करू लागले, आणि मार्चमध्ये ओंटारियोच्या सरकारी दारू दुकानांतून अमेरिकन बाटल्या उतरवल्या गेल्या. माझे शेजारी, सॉरीवाले, त्या दिवशी रिकामं फडताळ बघायला मुद्दाम गेले होते.

आत्या, पॉलिसी घेताना रक्तदाब आणि साखर दोन्ही लिही, लपवू नकोस. आधीच्या आजाराला ती कधी लागू होते ते विचारून घे. आणि कागद हातातल्या पर्समध्ये ठेव, लोणच्याच्या बॅगेत नको.