सिंधुदुर्गात ८१ च्या आधी "काहीच नव्हतं" म्हणणाऱ्यांसाठी

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आला आणि त्यातले दोन ग्रुप तर आमच्याच गाववाल्यांचे, म्हणून राहवलं नाही. मेसेज थोडक्यात असा. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून फुटून सिंधुदुर्ग जिल्हा झाला, त्याच्या आधी इथं काहीच नव्हतं. माणसं आळशी, मुंबईच्या मनीऑर्डरवर जगायची. इतिहास म्हणजे मालवणचा किल्ला आणि विजयदुर्गावर लागलेला हेलियमचा शोध, बाकी शून्य. मग रेल्वे, पर्यटन जिल्हा आणि विमानतळ आला आणि कायापालट झाला. एवढं सगळं मिळूनही लोक प्रत्येक प्रकल्पाला विरोध करतात म्हणून गोवा पुढे गेला, आणि तरुण पोरं गाव सोडून पळतात ती त्यांचीच चूक.

मी कुडाळ तालुक्यातला, आजोबा परळला गिरणीत होते, आजीने गावी शेती केली. एकेक मुद्दा घेतो.

"काहीच नव्हतं" पासून सुरू करू. वेंगुर्ल्याला १७ व्या शतकात डचांची वखार होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत, जाऊन बघा. डच काय हवा खायला आले नव्हते, बंदर चालतं होतं म्हणून आले. पुढे इंग्रजांच्या काळात बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याला यायचा आणि तिथून गलबतांनी मुंबईला जायचा. म्हणजे घाटावरच्या व्यापाराचं दार आमच्याकडे होतं. मग १८८० च्या दशकात मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे गेली आणि तो माल तिकडे वळला, साहजिक आहे, बैलगाडी रेल्वेशी कशी भांडणार. आमच्याकडे रेल्वे कधी पूर्ण झाली? २६ जानेवारी १९९८. मधली ११० वर्षं आम्ही काय झोपलो नव्हतो, आमचं दार बंद झालं होतं आणि दुसरं दार कोणी काढून दिलं नव्हतं.

त्या काळात मुंबईला जायचं तर बोट. आजी सांगायची, आगबोट काठाला लागायचीच नाही, लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून न्यायचे, आणि पडाव लाटेवर वर आला की त्याच क्षणाला बोटीवरच्या माणसाने हात धरून वर खेचायचं. एका हातात पोर आणि दुसरा हात असा भलत्याच माणसाच्या हातात. पावसाळ्यात तर बोट बंदच, जून ते सप्टेंबर कोणी मेलं तरी पत्र मिळेपर्यंत दिवस व्हायचे. हे हाल होते, मी नाकारत नाही. पण हाल असणं आणि "काहीच नसणं" यात फरक आहे.

कारण याच हालात काय झालं बघा. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र दर्पण ६ जानेवारी १८३२ ला निघालं, ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले. मे १९३० मधे शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. १९४८ ला अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत गोपुरी आश्रम उभा केला आणि मैला साफ करायचं काम, मेलेल्या जनावराचं कातडं सोलायचं काम स्वतःच्या हाताने केलं, ब्राह्मण घरातला माणूस, त्या काळात, कणकवलीसारख्या गावात. २०१६ ला आपला जिल्हा स्वच्छतेत देशात पुढे आला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण त्या स्वच्छतेची सुरुवात कुठे झाली ते त्या मेसेजमधे एका शब्दाने नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हेलियम. हा एकच अभिमानाचा मुद्दा दिलाय आणि नेमका तोच चुकीचा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली याच बाजूच्या किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूरकडे गेली हे खरं. पण ग्रहणात सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर, ज्यांचं नाव विजयदुर्गाशी जोडतात, ते तेव्हा इंग्लंडमधे होते, त्यांनी त्या प्रकाशातली पिवळी रेषा, जिच्यावरून हेलियम ओळखला गेला, ती त्याच वर्षी २० ऑक्टोबरला तिथूनच पाहिली, ग्रहणाशिवाय. ते ग्रहण बघायला भारतात आले ते १८७१ ला आणि गेले केरळात बेकलला. मला माहितीये की हे लिहिल्यावर आपलीच माणसं चिडणार, विजयदुर्गावर लहानपणी आम्हालाही तो ओटा दाखवून हेच सांगितलं होतं. पण विजयदुर्गाला उसन्या गोष्टीची गरज काय, आंग्रेंच्या आरमाराचा तो किल्ला आहे, तेवढं पुरे नाही का.

"आळशी आणि मनीऑर्डरवर जगणारे". हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे मनीऑर्डर ही काय भीक नव्हती, ती कोणाची तरी पाळी होती. दिवसपाळी, रातपाळी, कापसाच्या धुळीत, दहा बाय दहाच्या खोलीत वीस जण आळीपाळीने झोपून कमावलेला पैसा. मुंबईच्या गिरण्या ज्या हातांनी चालल्या त्यातले कितीतरी हात जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आपलेच. आणि गावी राहिलेल्या बायकांनी काय केलं ते आकडा सांगतो. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०७९ बायका होत्या, २०११ ला १०३६. पुरुष मुंबईला, म्हणून हे आकडे असे. तरवा म्हणजे भाताची रोपं काढायची, चिखलात लावणी करायची, दगडांचे गडगे रचायचे, शेणी थापायच्या, म्हाताऱ्यांचं बघायचं आणि पोरांना शाळेत धाडायचं, हे सगळं कोणी केलं? २०११ ला साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर आहे, ती मनीऑर्डरच्या फॉर्मवर अंगठा उठवणाऱ्या बायकांनी पोरं शिकवली म्हणून आहे.

दुसरं, तारखा बघा. जिल्हा झाला १ मे १९८१ ला. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. साडेआठ महिन्यांचं अंतर. जिल्ह्याचं नवं ऑफिस उघडतंय आणि इकडे घराघरातली मनीऑर्डर थांबतेय. आमचे आजोबा त्याच वर्षी पत्र्याची पेटी घेऊन परत आले आणि परत गेले नाहीत. म्हणजे मेसेजमधे ज्या दिवसापासून "विकासाची पहाट" म्हटलंय, त्याच्याच पुढच्या वर्षी इथल्या हजारो घरांचा मिळकतीचा मुख्य झरा आटला. असा मार बसलेला प्रदेश दुसरा असता तर रस्त्यावर आला असता.

तो आला नाही कारण माणसं बागेत उतरली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती निघाल्या, आंब्यात नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना निघाला. १९९० ला रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू झाली, हे सरकारचं श्रेय आहे आणि मी ते मोकळेपणाने देतो. पण अनुदान खड्डा खणत नाही. देवगडचा सडा म्हणजे अखंड जांभा कातळ, वर मातीच नाही. तिथं सुरुंग लावून खड्डे फोडले, खालून डोक्यावर माती वाहून ते भरले आणि मग कलम लावलं, आणि पहिली काही उन्हाळी घागरीने पाणी घालून ती जगवली. आज त्या हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, फोटो सगळे काढतात.

कोयकलम बांधताना कधी बघितलंय? पावसाच्या तोंडावर कोय रुजत घालायची, वर आलेला कोंब अजून तांबूस, कोवळा असतानाच वीतभराच्या आत कापायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची. काडी एक केसभर हलली तर कलम मेलं. माझी काकी हे काम रोपवाटिकेत मजुरीने करायची, दिवसाला शेकड्यांनी. मग सीझनला काजूगर काढायला जायची, ओल्या बीचा चीक एवढा जहाल की राख लावूनसुद्धा बोटांची सालं निघायची, चतुर्थीला मोदक वळताना तिच्या बोटांना गरम उकड सोसायची नाही. तिच्या समोर उभं राहून "आळशी" म्हणून दाखवा.

रेल्वेचं. रेल्वेने फरक पडला, शंभर टक्के पडला. पण ती वरून टपकली नाही. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै संसदेत कोकणचं गाऱ्हाणं मांडता मांडता १९७१ ला गेले, त्यांच्या मागून त्याच राजापूर मतदारसंघातून निवडून गेलेल्या मधु दंडवतेंनी ते पुढे नेलं, १९९० ला दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं आणि इंजिनियर ई. श्रीधरन यांनी लाईन टाकली. पर्यटन जिल्हा १९९७ चा. विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ चा, फेऱ्या कधी चालू कधी बंद. आंबा अजूनही मुख्यतः ट्रकनेच वाशीला जातो. आणि हे सगळं होत असताना लोकसंख्या किती झाली? २००१ ला ८,६८,८२५, २०११ ला ८,४९,६५१. कमी झाली. रेल्वे आल्यावर आणि पर्यटन जिल्ह्याचं लेबल लागल्यावर कमी झाली. कायापालट झालेल्या जागेतून माणसं कमी होतात का, याचं उत्तर त्या मेसेजमधे नाही.

"प्रत्येक प्रकल्पाला विरोध". रेल्वेला जमिनी कोणी दिल्या? तिलारी धरणासाठी दोडामार्ग तालुक्यातली आयनोडे, सरगवे, पाट्ये अशी गावं पाण्याखाली गेली आणि त्या पाण्याचा मोठा वाटा गोव्याला जातो, तो त्याग कोणाचा? विरोध झाला तो खाणींना झाला, कारण डोंगर फोडला की खालचा झरा आटतो आणि लाल गाळ भाताच्या कुणग्यात येऊन बसतो, हे ज्याचा कुणगा आहे त्याला कळतं. रिफायनरीला झाला, त्यात नाणारबरोबर देवगडची गिर्ये आणि रामेश्वर ही गावं होती, आणि ती हापूसच्या पट्ट्यातली गावं आहेत. रापणवाल्यांनी पर्ससीन जाळ्याच्या मोठ्या बोटींना विरोध केला तो पण कारणाने. रापण म्हणजे अख्खा वाडा दोरीला लागतो, किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढतो आणि म्हावऱ्याचे वाटे होतात. पर्ससीनवाला बाहेर समुद्रातच थवाच्या थवा उचलतो, मग काठाला काय येणार. फेब्रुवारी २०१६ मधे सरकारनेच पर्ससीनवर निर्बंध आणले, म्हणजे त्यांच्या ओरडीत तथ्य होतं. दुसऱ्या बाजूला वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो, त्याला कोणी विरोध केला नाही.

गोव्याची तुलना एका परिच्छेदात संपते. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग ५,२०७. गोवा १९८७ पासून राज्य आहे, स्वतःचं बजेट, स्वतःची ४० आमदारांची विधानसभा. आमचे आमदार तीन, खासदार अर्धा म्हणा, कारण रत्नागिरीबरोबर वाटून. तिथं पंचायतीत अडलेलं काम पणजीला दुपारी सुटतं, आमच्या माणसाला मुंबईला रात्रीची गाडी धरावी लागते. यात लोकांच्या स्वभावाचा काय संबंध?

राहिली तरुणांची चूक. आमच्याकडे सिरियस पेशंट म्हटलं की ॲम्ब्युलन्सचं तोंड गोव्याला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला, वर्षानुवर्षं हेच. जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेच २०२१ नंतर. घरात म्हातारे आईबाप असले तर माणूस हा हिशोब आधी करतो.

आणि जे परत येतात त्यांचं सांगतो. माझा चुलतभाऊ पुण्याची नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी गावी आला, काजू प्रक्रियेचं छोटं युनिट टाकायचं म्हणून. ट्रेनिंग केलं, मशीनची कोटेशन्स आणली, बी पुरवणारे शेतकरी पक्के केले. बँकेत गेला तर म्हणाले सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती आणा. सातबाऱ्यावर २३ नावं आहेत, पणजोबांपासून वाटणीच झालेली नाही. पाच जण वारले, त्यांचे वारस लागायचेत. कोण डोंबिवलीला, कोण नालासोपाऱ्याला, एक आत्या बडोद्याला, आणि एका घराचा तर पत्ताच कोणाला माहीत नाही, शेवटचे ते गावी आले होते संपाच्या वर्षी. गणपतीत माणसं येतात तेव्हा तो फाईल घेऊन घरोघर फिरतो, आरती झाली की सही मागतो. आत्तापर्यंत १४ झाल्यात.