फ्लॅग कोणी बघत नाही म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली, ती आहे तशी ठेवलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की फ्लोटिंग पॉइंटचं (म्हणजे दशांश आकड्यांचं) गणित करणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक टप्प्यानंतर एक्सेप्शन फ्लॅग (गणितात काही वेगळं घडलं की प्रोसेसर लावून ठेवतो त्या खुणा) तपासावेत, आणि एखाद्या फंक्शनने राउंडिंग मोड (उत्तराचा शेवटचा अंक वर न्यायचा की खाली याची सेटिंग) बदलला तर परत जाताना होता तसा करून ठेवावा. यावर तुमचं म्हणणं असं की मोड बदलला तरी कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ओळी इकडच्या तिकडे करतो, थ्रेडबद्दल (एकाच प्रोग्राममधल्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांबद्दल) मी धड काही लिहिलं नाही, आणि "हे फ्लॅग प्रत्यक्षात कोणी बघत नाही, पुस्तकात वाचून लेख पाडलाय."

थ्रेडचं आधी. त्यावर एकच ओळ होती, अजून लिहायला हवं होतं, मान्य. मोड आणि फ्लॅग प्रत्येक थ्रेडचे वेगळे असतात, त्यामुळे वर्कर थ्रेडमध्ये सेट झालेला फ्लॅग मेन थ्रेडला दिसत नाही, प्रत्येक वर्करने आपले फ्लॅग वाचून परत द्यायचे आणि शेवटी सगळे ऑर करायचे, म्हणजे एकातही लागलेला असेल तर लागलेला धरायचा. झालं.

आता ते तिसरं वाक्य. तुम्हाला मुद्दा पटला नसता तर तसं लिहायचं, मी काही कोणाला पटवायचा ठेका घेतलेला नाही, पण "पुस्तकात वाचून" हे तुम्ही कशावरून म्हणता? मी कितीतरी वर्षं पुण्यात स्ट्रक्चरल ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय, आधी फोरट्रान, मग सी प्लस प्लस, आणि हा लेख त्या कामातून आलाय. तेव्हा घडलेली एक गोष्ट सांगतो, लेखात जागा नव्हती म्हणून घेतली नव्हती.

स्टीलच्या फ्रेमचं मॉडेल होतं. त्यात ब्रेसिंगच्या एका मेंबरला सेक्शनचा एरिया भरायचा राहून गेला, म्हणजे एरिया शून्य. एरिया शून्य म्हणून त्याचा स्टिफनेस शून्य, म्हणून त्याच्यात फोर्सही शून्य आला. बाकीची फ्रेम भक्कम होती त्यामुळे सॉल्व्हर कुठेही अडला नाही. पुढे डिझाइन चेकमध्ये प्रत्येक मेंबरचा फोर्स भागिले त्याची कपॅसिटी असा रेशो काढतात, इथे एरिया शून्य म्हणून कपॅसिटीही शून्य, झालं ०/०, म्हणजे नॅन (नॉट अ नंबर, आकडाच नसलेलं उत्तर). आणि सगळ्यात मोठा रेशो शोधायला एफमॅक्स (दोन आकड्यांतला मोठा देणारं फंक्शन) वापरलेलं. एफमॅक्सचा नियमच असा आहे की दोनपैकी एक नॅन असेल तर दुसरा आकडा द्यायचा. नॅन तिथेच गिळला गेला. रिपोर्टमध्ये छान ०.८७ आलं, १ च्या आत, सगळं पास. आकडा बघून, रिपोर्ट बघून, लॉग बघून काही म्हणजे काही कळत नव्हतं. इनव्हॅलिडचा (०/० सारख्या अर्थ नसलेल्या गणिताचा) फ्लॅग मात्र सेट झालेला होता. आमच्या सीनियरनी सांगितलं म्हणून प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला फ्लॅग पुसणारं फेक्लिअरएक्सेप्ट आणि शेवटी ते तपासणारं फेटेस्टएक्सेप्ट टाकलं होतं, तेव्हा डिझाइन चेकच्या टप्प्यावर तो सापडला. नाहीतर तो ०.८७ क्लायंटकडे गेला असता.

"कोणी बघत नाही" म्हणताना तुम्ही याचा विचार केलात का? १९८५ साली फ्लोटिंग पॉइंटच्या गणिताचं आयट्रिपलई ७५४ स्टँडर्ड आलं त्याच्या आधीपासून ते घडवणारे गणितज्ञ विल्यम काहान हेच सांगत होते, आणि त्यात पाच फ्लॅग ठेवले ते असेच ठेवलेले नाहीत. ते एकदा सेट झाले की कोणी मुद्दाम क्लिअर करेपर्यंत तसेच राहतात. त्याचा उपयोग नेमका तेव्हा होतो जेव्हा शेवटचं उत्तर स्वच्छ दिसतं. अजून एक बघा, घरी करून बघता येईल असं. एक्स आणि वाय दोन्ही १०चा २००वा घात घ्या, आणि १ भागिले वर्गमूळ (एक्स वर्ग + वाय वर्ग) काढा. वर्ग करतानाच डबलची (६४ बिटांत आकडा ठेवण्याच्या प्रकाराची) हद्द ओलांडली जाते, इन्फिनिटी येते, १ भागिले इन्फिनिटी म्हणजे चक्क ०. खरं उत्तर शून्य नाहीये, १०च्या उणे २०१व्या घाताच्या साधारण सात पट आहे, आणि ते डबलमध्ये आरामात बसतं. ते ० बघून तुम्ही काय ओळखणार? ओव्हरफ्लोचा फ्लॅग ओळखतो. हां, इनएक्झॅक्टचा (उत्तर राउंड करावं लागलं असं सांगणारा) फ्लॅग बघत बसू नका, तो ०.१ + ०.२ लाही लागतो. डिव्हाइड बाय झिरोही दर वेळी चूक नसते, समांतर रेझिस्टन्सच्या सूत्रात एक रेझिस्टन्स ० असेल तर तो फ्लॅग लागूनही उत्तर बरोबरच येतं. कुठला फ्लॅग कधी महत्त्वाचा हे त्या त्या गणितावर ठरतं, आणि तेवढी अक्कल लिहिणाऱ्याने वापरायची असते.

कोणी बघत नाही हे बहुतेक ठिकाणी खरंही असेल, पण म्हणून तर लेख लिहिला ना! सगळे बघत असते तर मी कशाला रात्री जागून टाइप करत बसलो असतो?

राहिला कंपायलर. जीसीसी हा कंपायलर एफईएनव्ही ॲक्सेसचा प्राग्मा (मोड आणि फ्लॅग वापरतोय हे कंपायलरला सांगणारी ओळ) पाळत नाही हे मला माहिती आहे. १ भागिले १० एकदा खाली आणि एकदा वर राउंड करून मागितलं तर हेक्समध्ये शेवटचा अंक एकात ९ आणि दुसऱ्यात ए यायला हवा, ऑप्टिमायझेशन चालू असेल तर दोन्हीकडे एकच येऊ शकतो. आकडे व्होलाटाइल करा (म्हणजे कंपायलरला दर वेळी ते मेमरीतून वाचायला लावा) किंवा तो भागाकार वेगळ्या फाइलमधल्या फंक्शनमध्ये टाका, काम होतं. एवढ्यासाठी अख्खा लेख निकालात काढायचं काहीच कारण नव्हतं. आणि मोड परत ठेवण्याचा माझा मुद्दा याने कुठे खोडला जातो? मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट थ्रीडी ९ या ग्राफिक्स लायब्ररीला एफपीयू प्रिझर्व्हचा फ्लॅग दिला नाही तर ते एक्स ८७ ची (इंटेलच्या जुन्या फ्लोटिंग पॉइंट युनिटची) प्रिसिजन परस्पर सिंगलवर आणायचं, आणि कितीतरी लोकांचे डबलमधले आकडे त्याने बिघडले. दुसऱ्याच्या थ्रेडमध्ये शिरून कंट्रोल रजिस्टर (जिथे मोड आणि प्रिसिजनची सेटिंग असते ते) बदलायचं आणि तसंच सोडून जायचं, हे मला तेव्हाही चालत नव्हतं आणि आजही चालत नाही.

पुढे लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण कंपायलर कुठला, व्हर्जन कुठलं, ऑप्टिमायझेशन किती आणि आउटपुट काय आलं ते सोबत टाका. त्यावर उत्तर देईन. माझ्या वाचनावरच्या शेऱ्यांना यापुढे देणार नाही.